तीनदा वजा एकशेवीस

आकडेबाईला हे नाव कुणी ठेवलं ते आता कुणालाच सांगता आलं नसतं. वीस वर्षं ती वॉर्डात सिस्टर होती. मग कमरेने दगा दिला, तेव्हा साहेबांनी तिला उचलून आरोग्य कार्यालयाच्या मागच्या खोलीत बसवलं. तिथे एक संगणक होता, दोन लोखंडी कपाटं होती आणि एक खिडकी होती, जी उघडायला नाही तर बंद करायला दोन माणसं लागायची. साहेब म्हणाले होते, "बसल्या बसल्या आकडे भरा." बाईने आकडे भरले. पण नुसतं भरून हिचं समाधान होईना. आर नावाची संगणकाची भाषा असते, ती फुकट मिळते आणि तिच्यात आकड्यांची नुसती धुणीभांडी नाही, सगळा संसार करता येतो, असं तिने कुठेतरी वाचलं आणि वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षी ती शिकायला बसली. कुणी शिकवणारं नव्हतं. चुकत, रडत, संगणकाला मेल्या म्हणत शिकली. आता चाळीस दवाखान्यांतल्या बाळांची दर महिन्याची वजनं तिच्या खोलीत यायची, आणि कुठलं बाळ वाढतंय, कुठलं मागे पडतंय, ते तिच्या कागदावरून ठरायचं.

बुधवारी सकाळी तिने पंखा लावून पाण्याची बाटली टेबलावर ठेवली न ठेवली तोच फोन वाजला. टेकडीवरच्या दवाखान्यातली सिस्टर. दोघी एकेकाळी एकाच वॉर्डात, एकाच पाळीत होत्या; एकीचा डोळा लागला तर दुसरीने सलाइन बघायचं, इतकी जवळीक. अलीकडे मात्र वर्षातून दोन फोन झाले तर झाले.

"कागद मिळाला मला," सिस्टर म्हणाली. नमस्कार नाही, कशी आहेस नाही.

कागद म्हणजे नोटीस. उद्या गुरुवारी अकरा वाजता सिस्टरला साहेबांपुढे उभं राहायचं होतं. टेकडीवरच्या वजनकाट्यात बिघाड होता, दोन महिने तो प्रत्येक बाळाचं वजन एकशेवीस ग्रॅम जास्त दाखवत होता. ते सिस्टरनेच पत्र लिहून कळवलं होतं. कार्यालयाने काटा बदलून दिला आणि आकडेबाईला सांगितलं, त्या दोन महिन्यांच्या वजनांतून एकशेवीस वजा करा. बाईने वजा केले. तीन आठवड्यांपूर्वी अहवाल आला तो असा, की त्र्याऐंशी बाळांतली एकोणतीस वयाप्रमाणे ठरलेल्या वजनाच्या रेषेखाली. एकोणतीस! वरच्या लोकांनी चौकशी लावली आणि दोन आणि दोन पाच केले: ही बाई पोरांची हेळसांड करत होती, ती झाकायला काटा मुद्दाम बिघडवला होता, आणि तपासणी जवळ आल्यावर स्वतःच कळवून मोकळी झाली. नोकरीची तीन वर्षं उरलेल्या सिस्टरचा दवाखाना काढून घ्यायचा आणि तिला दूर गोदामात औषधं मोजायला बसवायचं, असं जवळजवळ ठरलंच होतं. उद्याची हजेरी नावापुरती.

"मी काय करू गं," आकडेबाई म्हणाली. "आकडे आले ते आले."

"तू काही करू नकोस. तू फक्त ऐक. नोटिशीला बाळांची यादी जोडलीय. पहिल्यांदाच बघतेय मी ती. सतरा नंबरची मुलगी, नऊ महिन्यांची. माझ्या रजिस्टरात सहा किलो आठशेवीस."

"बरं."

"काटा किती जास्त दाखवत होता?"

"एकशेवीस."

"मग सहा किलो सातशे व्हायला हवं. तुझ्या कागदावर सहा किलो चारशेसाठ आहे. मी संगणक शिकले नाही, पण वजाबाकी मला येते."

आकडेबाईला राग आला. खरं सांगायचं तर आधी रागच आला. आपल्या आकड्यांवर कुणी बोट ठेवलं की तिला वाटायचं, कुणी आपल्या घरात येऊन डबे उघडून बघतंय. "तुमच्याकडून लिहून पाठवतानाच चुकलं असेल," ती म्हणाली. "तुमच्या तिथे आठाचा सहा नि सहाचा शून्य होतो."

"एकाचा होईल. एकोणतिसांचा होईल?" सिस्टरचा आवाज चढला नाही, हेच वाईट होतं. "बघ तुला वेळ मिळाला तर. मला बाहेर बावीस बायका थांबल्यात." आणि फोन ठेवला.

आकडेबाईने टेकडीहून आलेली मूळ फाइल उघडली. सतरा नंबर: ६८२०. म्हणजे लिहून पाठवताना चूक नव्हती. अहवालात ६४६०. तिने अठरा नंबर बघितला, एकोणीस बघितला, मग एकदम चाळीस, मग त्र्याऐंशी. प्रत्येक ठिकाणी फरक तोच. तीनशेसाठ. कुठे तीनशेपन्नास नाही, कुठे चारशे नाही. सगळ्या बाळांचं सारखंच मांस कुणी कापून नेल्यासारखं.

तीनशेसाठ म्हणजे तीन वेळा एकशेवीस. हे कळायला संगणक लागत नाही.

पलीकडच्या टेबलावर नवी बसायची. नवी म्हणजे सहा महिन्यांपूर्वी लागलेली मुलगी. कॉलेजात हेच शिकून आलेली, बोटं कळांवर अशी चालायची की बघणाऱ्याला दम लागावा. कायम व्हायला तिला अजून दोन महिने होते, त्यामुळे साहेबांच्या पावलांचा आवाज आला की ती पाणी पिणंसुद्धा थांबवायची.

"अगं, इकडे ये जरा," आकडेबाई म्हणाली. "तू ते वजाबाकीचं फंक्शन लिहून दिलं होतंस ना, त्यात एकशेवीस एकदाच वजा होतात ना?"

"एकदाच, ताई." नवी खुर्ची सरकवत आली. "एकच तर ओळ आहे. का?"

फंक्शन म्हणजे संगणकासाठी लिहून ठेवलेली आज्ञा, आणि ती एकच ओळ होती खरी. दोघींनी डोळे फाडफाडून बघितली. वजनाच्या रकान्यातून एकशेवीस कमी कर, टेकडीचा दवाखाना असेल तर आणि त्या दोन महिन्यांतलं असेल तर. बस. दोष काढायला जागा नव्हती.

"तुम्ही चालवलं कसं?" नवीने विचारलं.

"नेहमीसारखं. आधी चाखून बघितलं, मग चालवलं."

"चाखून म्हणजे?"

आता हे सांगायला हवं. आकडेबाईची स्वतःची एक पद्धत होती, दहा वर्षं अंगवळणी पडलेली. आरमध्ये साधारणपणे असं असतं, की तुम्ही फंक्शनच्या हातात तक्ता दिला आणि फंक्शनने त्यात काही फिरवाफिरव केली, तर ती त्याच्यापाशी. तुमचा तक्ता जागच्या जागी शाबूत. फंक्शनने केलेलं तुम्हाला हवं असेल, तर ते आपल्या हाताने एखाद्या नावाखाली ठेवून घ्यायचं. नाही ठेवलं तर ते पडद्यावर दिसतं आणि विरून जातं. ही सोय बाईला फार आवडायची. आयुष्यात इतर कुठे काही करून बघता येत नाही, केलं की झालं. इथे मात्र बिनधास्त करून बघावं, पडद्यावर नजर टाकावी, पटलं तर ठेवावं. म्हणून ती प्रत्येक फंक्शन आधी नुसतं चालवायची, कुठेही न ठेवता. त्याला ती चाखणं म्हणायची. मग पुन्हा चालवून ठेवून घ्यायची.

हे ऐकता ऐकता नवीचा चेहरा उतरत गेला.

"ताई," ती म्हणाली, "हे नवीन फंक्शन तसं नाही. तक्ता केवढा मोठा झाला होता, आठवतंय? चाळीस दवाखाने, दहा वर्षं. दर वेळी त्याची नक्कल करताना संगणक धापा टाकायचा. तुम्हीच म्हणालात, याचं काहीतरी कर. म्हणून मी दुसऱ्या पद्धतीने लिहिलं. हे नक्कल करत नाही. तुमच्याच तक्त्यात, जागच्या जागी बदलतं."

"हे तू मला सांगितलं नाहीस."

नवी हळूच म्हणाली, "सांगितलं होतं. तुम्ही फोनवर होतात. हो हो म्हणालात."

आकडेबाईला आठवलं. फोन अर्थातच आठवला नाही, दिवसाला तीस यायचे. पण हो हो आठवलं. ते तिचंच होतं. दिवसभर ती हो हो म्हणत असायची, नवऱ्याला, साहेबांना, भाजीवाल्याला.

तिने एका ओळीचा छोटासा तक्ता बनवला. एकच बाळ, वजन पाच हजार. फंक्शन चालवलं. पडद्यावर काहीच आलं नाही. ही त्या पद्धतीची आणखी एक खोड, नवीने सांगितलं, काम करतं आणि गप्प बसतं. तक्ता दाखव म्हटलं तरी पहिल्यांदा ढिम्म. दुसऱ्यांदा म्हटल्यावर उघडला. ४८८०. पुन्हा चालवलं. ४७६०. पुन्हा. ४६४०. बाळाने काही खाल्लं नाही, प्यायलं नाही, नुसतं बघता बघता वाळत गेलं.

आता सगळं लख्ख आठवलं. त्या दिवशी तिने चाखायला म्हणून चालवलं, पडदा कोराच. झोपलाय मेला, असं म्हणून पुन्हा चालवलं. पुन्हा कोरा. मग कंटाळा आला, पाच वाजत आले होते, कंबर भरून आली होती; तिने सरळ तिसऱ्यांदा चालवून ठेवून घेतलं आणि छापलं. तीन वेळा. आणि छापून आलेलं बघताना एकोणतीसचा आकडा दिसला, तेव्हा तिला वाटलं होतं, अरेरे. फक्त अरेरे वाटलं होतं. टेकडीला फोन करावासा वाटला नव्हता.

मूळ फाइल डिस्कवर तशीच होती, एवढं एक नशीब. बदल सगळा संगणकाच्या डोक्यात झाला होता, फाइलला धक्का नव्हता. बाईने फाइल नव्याने वाचली, एकशेवीस वजा केले, एकदा, आणि रेषेखाली किती ते विचारलं.

चार.

"एकोणतिसाऐवजी चार," नवी म्हणाली. आणि मग, खाली बघत, "ताई, फंक्शन माझं आहे."

"तुझं फंक्शन सांगितलं तेवढंच करतंय. जा, पाणी पी. साहेब येणार नाहीत एवढ्यात."

संध्याकाळी घरी आली तेव्हा नवरा पुढच्या खोलीत मशीनवर होता. शिंपी माणूस, घराची पुढची खोली हेच त्याचं दुकान. दारातून आत यायचं तर कपड्यांच्या गठ्ठ्यांतून वाट काढत यावं लागायचं. तिने चप्पल काढली आणि गिऱ्हाइकाच्या स्टुलावरच बसली. आतपर्यंत जाण्याचं त्राण नव्हतं.

"कंबर का?" त्याने विचारलं.

"कंबर नाही. मी एका बाईची नोकरी खाल्ली."

त्याने मशीन थांबवलं. तिने सगळं सांगितलं. आरमधलं काही त्याला कळणार नाही, म्हणून त्याच्याच भाषेत. "समजा तुमच्याकडे कुणी पँट आणली, म्हणाला, दोन बोटं कमी करून दाखवा."

"दाखवा म्हणाला तर टाचण्या लावून दाखवतो. कापत नाही."

"तेच. माझं जुनं फंक्शन टाचण्या लावायचं. नवीन थेट कात्री चालवतं. आणि मी तीनदा म्हटलं, दाखव."

"म्हणजे सहा बोटं गेली." त्याने मनातल्या मनात माप घेतलं. "अर्धी चड्डी झाली त्याची. पण मग कात्री चालवतं हे ते लिहिणाऱ्या मुलीने आधी सांगायला नको?"

"सांगितलं होतं. मी हो हो म्हटलं."

"हं," नवरा म्हणाला. "ते घरातही चालतं. मी समजत होतो, फक्त मलाच."

तिला हसू आलं आणि हसता हसता डोळे भरून आले. तो उठला नाही, जवळ आला नाही. तसा तो नव्हताच. त्याने दोऱ्याचं रीळ बदललं आणि सुईत दोरा ओवण्याच्या निमित्ताने मान खाली घातली. थोड्या वेळाने म्हणाला, "आता सांगणार साहेबांना?"

"नवी म्हणते, सुधारित अहवाल पाठवू या. तांत्रिक अडचण म्हणून. कुणाचं नाव नको."

"मग त्या बाईचं काय होतं?"

"तेच तर. काय होतं कोण जाणे."

"उद्या लवकर निघणार असशील तर चहा मी ठेवीन," तो म्हणाला आणि मशीन सुरू केलं.

गुरुवारी ती साडेनऊलाच साहेबांच्या दारात होती. साहेब स्वतः डॉक्टर, पण रोगी बघून त्यांना पंधरा वर्षं झाली होती. आता ते फायली बघायचे, आणि त्याही रोग्यासारख्याच बघायचे: आधी जीभ बाहेर काढा, मग बघू. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. कागद पुढे ओढला, मागे सारला. चष्मा काढला.

"अहवाल वर गेलाय, बाई."

"माहीत आहे."

"माझ्या सहीने गेलाय."

"हो."

"तुम्ही असं करा. तांत्रिक कारणास्तव फेरतपासणी, असं एक टिपण तयार करा. फेरतपासणीला वरून समिती येईल. चार-सहा महिन्यांत होईल सगळं सुरळीत."

"आणि तोपर्यंत सिस्टर?"

"तोपर्यंत गोदामात. नोटीस तर निघालीय. संशय आहे तोवर तिला तिथे कशी ठेवणार? निर्दोष ठरली तर येईल परत."

"सहा महिने म्हणजे वर्ष, साहेब. वर्ष म्हणजे दोन. तिची तीनच उरलीत."

"मग मी काय करू? संगणकाने चूक केली असं लिहून नोटीस मागे घेता येत नाही. वरचे विचारतील, उद्या संगणक पुन्हा चुकला तर?"

"संगणक चुकला नाही," आकडेबाई म्हणाली. तिला इतका थकवा आला होता की तिचा आवाज अगदी साधा निघाला, भाजीचा भाव सांगावा तसा. "मी चुकले. एकदा चालवायचं ते तीनदा चालवलं. माणसाने केलेली चूक माणसाच्या नावावर लिहिली तर मागे घेता येते ना नोटीस?"

साहेबांनी तिच्याकडे बघितलं. "त्या नवीन मुलीने लिहिलंय ना ते?"

"तिने बरोबर लिहिलंय. मला समजावलंही होतं. मी ऐकलं नाही."

"बाई, हे लेखी दिलंत तर तुमच्या फायलीत लागेल. तुमची ती खुर्ची मी भांडून मिळवलीय, तुम्हाला माहीत आहे. उद्या कुणी म्हणालं, यांना पुन्हा वॉर्डात पाठवा, तर माझ्याकडे उत्तर नसेल."

"माझ्याकडेही नसेल," ती म्हणाली. "कागद द्या."

तिने हाताने लिहिलं. छापून दिलं असतं तर बरं दिसलं असतं, पण पुन्हा खोलीत जाऊन संगणक सुरू करायचा म्हणजे मन फिरायला दहा मिनिटं मिळाली असती, आणि स्वतःला ती ओळखून होती. टेकडी दवाखान्याच्या त्र्याऐंशी बाळांच्या दोन महिन्यांच्या वजनांतून एकशेवीस ग्रॅम एकदा वजा करण्याऐवजी मी तीन वेळा वजा केले. फंक्शनमध्ये दोष नाही. एकदाच वजा केल्यास एकोणतीस नव्हे, चारच बाळं रेषेखाली येतात. सिस्टरने पाठवलेले आकडे बरोबर आहेत. काट्यातला बिघाड त्यांनीच आपणहून कळवला होता. खाली सही, तारीख. एके ठिकाणी खाडाखोड झाली, तिथेही सही केली, वॉर्डातली सवय.

अकराला सिस्टर आली. दोन वर्षांनी बघत होती आकडेबाई तिला. केस पांढरे झाले होते आणि ते तिने लपवलेही नव्हते. हातात कापडी पिशवीत दोन जाड रजिस्टरं. पुरावा म्हणून आणली होती, बसने मांडीवर धरून. साहेबांनी तिला बसा म्हटलं, याचंच तिला नवल वाटलं. मग त्यांनी काही न बोलता आकडेबाईचा कागद तिच्यापुढे ठेवला.

सिस्टरने तो सावकाश वाचला. कागद डोळ्यांपासून लांब धरून, ओळीवर बोट ठेवत. वाचून झाल्यावर पुन्हा पहिल्यापासून वाचला. साहेब घसा साफ करून म्हणाले की नोटीस आजच मागे घेतली जाईल, तसं पत्र संध्याकाळपर्यंत निघेल, झालं ते झालं. सिस्टर "बरं" म्हणाली. आभार मानले नाहीत. साहेबांनी आभारासाठी थोडी जागा ठेवली होती, ती तशीच रिकामी राहिली.

बाहेर व्हरांड्यात दोघी समोरासमोर आल्या. नवी दारातून डोकावली आणि आत गेली.

"चुकलं माझं," आकडेबाई म्हणाली.

"वाचलं मी."

"तुला तीन आठवडे किती त्रास..."

"त्रासाचं सोड." सिस्टरने रजिस्टरांची पिशवी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. "चूक कुणाची होत नाही? मी एकदा एकाची गोळी दुसऱ्याला देणार होते, तूच धावत येऊन थांबवलं होतंस. ते नाही. मी विचार करत होते बसमध्ये. एकोणतीस पोरं रेषेखाली, माझ्या दवाखान्यात. तुझ्यासमोर आलं ते. आणि तुला एकदाही वाटलं नाही, की हिला ओळखते मी, हिला फोन करून विचारावं, अगं हे काय?"

आकडेबाईला वाटलं नव्हतं, हेच खरं होतं. पडद्यावर आलेल्या आकड्याला ती इतकी वर्षं देवासारखी मानत आली होती की त्याच्या आड कोण उभं आहे हे बघायचं सुचलंच नव्हतं. कामाचा रगाडा होता, कंबर होती, पाच वाजले होते, हे सगळं सांगता आलं असतं. तिने सांगितलं नाही.

"नाही वाटलं," ती म्हणाली.

सिस्टरने मान हलवली. हे ऐकून तिला बरं वाटलं की वाईट, कळलं नाही. पण खोटं ऐकायची तयारी करून आली होती, ती तिने बाजूला ठेवली असावी. बस दोनला होती. अजून दोन-अडीच तास होते. व्हरांड्यात बसायला बाक नव्हता.

"चल आत," आकडेबाई म्हणाली. "खुर्ची आहे."

आत आल्यावर सिस्टरने खोली बघितली, कपाटं बघितली, न मिटणारी खिडकी बघितली. नवीने आपली खुर्ची तिला दिली आणि स्वतः फायलींच्या गठ्ठ्यावर टेकली. सिस्टर बसली आणि एकदम कामाच्या आवाजात म्हणाली, "चार खरोखरच आहेत ना रेषेखाली? तुझ्या कागदावर चार आहेत."

"चार आहेत."

"थांब, मी सांगते. जुळ्यांतली धाकटी."

आकडेबाईने यादी बघितली. "आहे."

"रखवालदाराचा मुलगा. आणि ती कोपऱ्यावरच्या घरातली, तिची आई आजारी आहे ना, आत्या सांभाळते. तिला माझ्याकडून दूध पावडर चालू आहे."

"दोघंही आहेत."

"आणि गवंड्याचा नातू. बारीक आहे, सारखा खोकतो."

"नाही," आकडेबाई म्हणाली. "तो रेषेच्या वर आहे. चौथी बावन्न नंबर. मुलगी, दीड वर्षाच्या वर."

सिस्टरने कपाळाला आठ्या घातल्या. रजिस्टर काढलं, पानं उलटली. "बावन्न? बेकरीवाल्याची? छे. चुकलं काहीतरी. ती चांगली गुबगुबीत आहे, गालच एवढे आहेत. पुन्हा तीनदा वजा केलंस का?" शेवटचं ती अशा सुरात म्हणाली की नवी गठ्ठ्यावर सावरून बसली. पण आकडेबाईला त्यात फार जुना, वॉर्डातला सूर ऐकू आला.

तिने बावन्न नंबरची ओळ उघडली. आज प्रत्येक आकडा ती रजिस्टराशी ताडून बघत होती. "चार महिन्यांपूर्वी आठ किलो एकशेचाळीस. बरोबर?"

"बरोबर."

"मग आठ एकशेवीस."

"हो. तेव्हा मी आईला बोलले होते. वीस ग्रॅम घटली म्हणून. मग पुढच्या महिन्यात आठ दोनशेतीस झाली की. वाढली. मी शाबास म्हटलं होतं आईला." सिस्टरचं बोट ओळीवर थांबलं. "मग आठ दोनशेदहा."

"शेवटचे दोन्ही त्या काट्यावरचे आहेत," आकडेबाई हलकेच म्हणाली. "दोन्हींतून एकशेवीस काढ."

सिस्टरने रजिस्टराच्या कडेला पेन्सिलीने वजाबाकी मांडली. संगणक समोर असताना. आठ एकशेदहा. आठ नव्वद. मग वरपासून खालपर्यंत चारही आकडे पुन्हा वाचले, मनातल्या मनात, ओठ हलवत. आठ एकशेचाळीस, आठ एकशेवीस, आठ एकशेदहा, आठ नव्वद. बाळाचं वय वाढलं होतं, रेषा वर गेली होती, आणि बाळ चार महिने एकेक पायरी उतरत होतं.

"मी शाबास म्हटलं गं तिला," सिस्टर म्हणाली.

पंख्याखाली रजिस्टराचं पान फडफडत होतं, त्यावर तिने तळहात ठेवला.

"आणि हे तीन आठवडे तर मी या चौकशीच्याच नादात. या महिन्यात ती आई आलीच नाही वजनाला. माझ्या लक्षातही आलं नाही." तिने घड्याळ बघितलं. "दोनच्या बसने गेले तर चारला पोचेन. बेकरी उघडी असते. तुझ्याकडे हिची आणखी मागची वजनं आहेत?"

"जन्मापासूनची आहेत. कधी कुठे थांबली ते दिसेल."

"काढून दे."

आकडेबाईने फाइल नव्याने उघडली. हात कळांवर ठेवल्यावर ती क्षणभर थांबली. मग नवीकडे वळून म्हणाली, "अगं, ये. बाजूला उभी राहा आणि मी काय करतेय ते बघ. चुकले तर टोक."

नवी उठून तिच्या खांद्यामागे येऊन उभी राहिली.

"आणि आकडे जरा मोठे काढ," सिस्टर म्हणाली. "गडबडीत चष्मा घरीच राहिलाय. त्या आईलाही वाचता यायला हवेत."